रोज एक सूत

बार्नचा सरकता दरवाजा मार्चमध्ये अडकायला लागला. बर्फाने चौकट फुगली असेल म्हणून वर पाहिलं, तर कोपऱ्यातली मोठी तुळई खांबातून दोन बोटं बाहेर आलेली. पोटात गोळाच आला. त्या तुळईवर वरच्या मजल्याचं अख्खं गवत होतं.

इथे पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर काउंटीच्या बाजूला, जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांनी बांधलेले असे बार्न जागोजाग दिसतात. बार्न म्हणजे गोठा आणि कोठार एकाच छपराखाली. तो टेकाडाच्या उताराला लावून बांधतात, त्यामुळे गुरं खालच्या अंगाने आत जातात आणि गवताची गाडी वरच्या अंगाने थेट माडीवर येते. सांगाडा सगळा ओकचा, कुऱ्हाडीने तासलेला. तुळईच्या टोकाला काढलेली कूस खांबाच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लोखंडाचं कामच नाही.

शेजारी एक सत्तरी ओलांडलेले सुतार राहतात, आयुष्यभर बार्नच दुरुस्त करत आलेले. त्यांनी तुळईकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर जाऊन आधी छपराची पन्हळ बघितली, मग खांबाच्या बुडाशी चाकू खुपसला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. पन्हळ फुटलेली, कित्येक वर्षं पाणी तिथेच मुरत होतं. बूड कुजून खांब दीड इंच खचला, बाहेर कलला आणि कूस खाचेतून निसटली. मला राजापूरकडचं आमचं घर आठवलं. पावसाआधी घर शाकारून झालं की आजोबा पागोळ्या कुठे पडणार ते बघत अंगणात फिरायचे. लाकूड पाण्याने मरतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आधी पन्हळ बदलली, गवत उतरवलं. मग तुळईखाली सहा इंची चौकोनी ठोकळे आडवे-उभे रचून त्यावर जॅक ठेवला. मला वाटलं, एका दुपारचं काम. सुतारांनी हात धरला. “इतकी वर्षं हळूहळू खाली आलीय. एकदम उचललीस तर दुसरीकडचे सांधे फाटतील.” दिवसाला इंचाचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. म्हणजे आपलं एक सूत! दीड इंचाला बारा दिवस. रोज संध्याकाळी जॅक जरासा फिरवायचा, लगेच खाली लाकडी पाचरी ठोकायच्या, कारण हायड्रॉलिक जॅक रात्रीतून बसू शकतो. मग ओळंबा सोडून बघायचं. चौथ्या दिवशी माथ्यावर कुठेतरी मोठ्याने कडकड झाली आणि मी बाहेर धावले. ते शांतपणे म्हणाले, लाकूड जागेवर येताना बोलतंच.

तेराव्या दिवशी जुनी खुंटी बाहेर काढली. मधोमध तुटलेली, आठ पैलूंची, प्रत्येक पैलूवर चाकूच्या धारेच्या खुणा. आतला भाग इतका ताजा, की नाकाशी धरला तर ओकचा वास येत होता.

खांबाचं कुजलेलं दोन फूट बूड कापून त्याला पांढऱ्या ओकचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला. लाल ओक इथे चालत नाही, त्याच्या नळ्या उघड्या असतात आणि पाणी शोषतात. पांढऱ्याच्या नळ्या झाडातच बुजलेल्या असतात. बूड आता जमिनीवर नाही, वीतभर उंच दगडावर आहे. कलता खांब चेन ब्लॉकने हळूहळू आत ओढला, तशी कूस खाचेत शिरली. खुंटीची युक्ती मला फार आवडली. कुशीतलं भोक खांबातल्या भोकाच्या अगदी समोर पाडत नाहीत, मुद्दाम सूतभर मागे ठेवतात. खुंटी आत जाताना कुशीला ओढून घेते आणि सांधा करकचून बसतो.

वर, सांध्याशी, खांबावर आणि तुळईवर पटाशीने कोरलेला एकच रोमन आकडा आहे, सात. जमिनीवर सगळे भाग तासून, आकडे घालून मग ते उभे करत. सुतारांनी नव्या तुकड्यावर पटाशी टेकवली आणि मला हातोडा दिला. यंदाचं साल मी कोरलं, दगडापासून हातभर वर, पुढच्या दुरुस्तीवाल्याला वाकून दिसेल असं.