धड्यात नसलेला बंगाल

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी शाळेच्या आठवणी लिहा, असा समितीचा निरोप आला. गळकी कौलं, छड्या, पऱ्याला पूर आला की मिळणारी सुट्टी हे सगळं बाकीचे लिहितीलच. मी इतिहासाच्या सरांबद्दल लिहितो, तेही त्यांच्या एकाच तासाबद्दल.

सरांनी शिवाजी महाराजांचं १६७३ सालचं पत्र वाचायला घेतलं. चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना लिहिलेलं. चिपळूण म्हणजे आमच्या एसटीचं शेवटचं ठिकाण, तेव्हा मागच्या बाकावरचेही सावरून बसले. दाणावैरण आत्ताच उडवलीत तर पावसाळ्यात तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. मग रयतेला वाटेल, मोगलांपेक्षा हेच जास्त. असा त्याचा मतलब. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "जरा थांबा रे, अजून सत्तर वर्षं पुढे जायचंय."

आणि त्यांनी बंगाल काढला. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा तिथे उतरू लागल्या. बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं १७४४ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकरांना बोलणी करायला बोलावून दग्यानं मारलं, हे आम्हाला पाठ होतं. १७५१ च्या तहात बारा लाखांची चौथाई ठरली, हेही. गावं कशी जाळली, रुपये न देणाऱ्यांची नाकं-कान कसे कापले, बायकांचं काय झालं, हे मात्र धड्यात कुठेच नव्हतं. ते गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात लिहून ठेवलंय, आणि त्याच्या काव्याचं नाव आहे 'महाराष्ट्रपुराण'.

एकजण उठून म्हणाला, "सर, पण ती शत्रूची प्रजा ना?" सर म्हणाले, "मग चिपळूणच्या कुणब्याचं घर जळतं आणि बर्दवानच्या कुणब्याचं जळत नाही काय?" तो खाली बसला. पुढे त्याच्या वडलांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, असं ऐकलं. सरांनी शिकवायचं ते शिकवलंच.

मी पुढे बोटीवर गेलो. इंजिनरूममधला एक बंगाली सहकारी त्यांच्याकडची अंगाई गुणगुणायचा: बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरू? बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठी फौजेतले घोडेस्वार. मी कुठला, हे त्याला माहीत होतं. तो हसून म्हणाला, "तुला नाही रे म्हणत."

पोर्ट ब्लेअरजवळ हंफ्रेगंजला ३० जानेवारी १९४४ रोजी जपानी सैन्यानं हेर ठरवून ४४ भारतीय माणसं गोळ्या घालून मारली. ही जागा पाहिली की आपला संताप होतो, आणि तो रास्तच आहे. पंतप्रधान मुरायामांनी १९९५ मध्ये जपानच्या आक्रमणाबद्दल माफी मागितली, तरी तिथले मंत्री यासुकुनीला, म्हणजे युद्धगुन्हेगारांनाही जिथे पुजलं जातं त्या टोकियोतल्या देवस्थानाला, जातातच. त्यावर आपण तावातावानं बोलतो. मग बंगालचा विषय निघाला की "तो काळच तसा होता" एवढ्यावर का मिटवतो? "ते आपण नव्हेच" म्हणणारेही भेटतात. पण अटकेपार गेलेले झेंडे आपले असतील, तर बर्दवानची राखही आपलीच धरायला हवी.

पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट १९७० मध्ये पोलंडमध्ये वॉर्साला, नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघ्यावर बसले. हा माणूस स्वतः नाझींपासून जीव वाचवून नॉर्वेला पळालेला, त्याच्या अंगावर कसला डाग? तरी बसला, देशाच्या वतीनं. तेव्हाच्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या पश्चिम जर्मनांना ते अति वाटलं होतं. आपल्याकडे असं कुणी केलं तर त्या पाहणीत किती टक्के निघतील, याचा मी विचार करत नाही.

समितीला एकच विनंती. शिवजयंतीला चिपळूणचं पत्र फलकावर लावता, ते उत्तमच. यंदा त्याच्या शेजारी गंगारामाच्या काव्यातला एक उतारा मराठीत करून लावा. छपाईचा आणि चौकटीचा खर्च माझ्याकडे. तक्रार आलीच, तर तीही माझ्याकडे पाठवा.