किनारपट्टीच्या हवेसाठी अस्तराचे हलके जॅकेट

मालवणात राहून अस्तराचे जॅकेट कशाला हवे, असे मला घरच्यांनीच विचारले आणि प्रश्न रास्त होता. आमच्याकडची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या पहाटा. परंतु फोंडा घाट चढून कोल्हापूरला जायचे असो, आंबोलीत रात्र काढायची असो किंवा कोकण रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून मुंबई गाठायची असो, अंगावर काहीतरी लागतेच. आणि तयार मिळणारी जॅकेटे बहुतेक पॉलिएस्टरची असल्यामुळे परतताना घाट उतरून कणकवलीला पोचेपर्यंत ती अंगाला चिकटू लागतात. म्हणून पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, घेऊन सुती खादीचे, कमरेच्या जरासे खाली येणारे जॅकेट घरीच शिवले. या कामात वरच्या कापडापेक्षा अस्तराचा विचार अधिक करावा लागतो, असे माझे मत झाले आहे.

दुकानात अस्तर मागितले की बहुधा चकचकीत सॅटिन पुढे येते आणि ते जवळजवळ नेहमी पॉलिएस्टरचे असते. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरून ठेवते, व्हिस्कोज म्हणजे रेयॉन 11 ते 13 टक्के, पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्काही नाही. मग घाम जाणार कुठे? शंका असेल तर कापडाच्या कडेचे दोन धागे चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती आणि व्हिस्कोजचा धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मी पाठीला आणि पुढच्या भागांना मलमल लावली, बाह्यांना मात्र व्हिस्कोज, कारण मलमलीच्या बाहीत कुर्त्याची बाही अडकून वर सरकते.

कापण्यापूर्वी दोन्ही कापडे रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून घेणे आपल्या हवेत टाळता येत नाही. खादीला खळ असते, आणि घामामुळे असे जॅकेट वारंवार धुवावे लागते. 20 सेंटिमीटरचा चौकोन कापून धुतल्यावर तो 19 भरला, तर आकुंचन 5 टक्के झाले. म्हणजे 65 सेंटिमीटर लांबीचे जॅकेट तीन सेंटिमीटरहून अधिक आखूड होणार. त्याहून वाईट म्हणजे वरचे कापड आणि अस्तर वेगवेगळ्या प्रमाणात आटले, तर खालची कड आत ओढली जाते आणि कितीही इस्त्री केली तरी ती सरळ बसत नाही.

पॅटर्नविषयी थोडेच सांगते. घरी छापलेला असेल तर त्यावरचा मापाचा चौकोन आधी पट्टीने मोजावा. मार्जिन, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचे जास्तीचे कापड, धरले आहे की नाही, हे वाचून घ्यावे. बुर्डा या शिवणकामाच्या जर्मन मासिकाच्या पॅटर्नमध्ये ते धरलेले नसते. परदेशी पॅटर्नमधली कापडाची मांडणी बहुधा 140 ते 150 सेंटिमीटर पन्ह्यासाठी असते आणि आपली खादी 36 किंवा 44 इंच पन्ह्याची, त्यामुळे उभा धागा सांभाळून मांडणी स्वतःच नव्याने करावी लागते आणि कापड जास्त लागते.

आता मुख्य गोष्ट. अस्तर वरच्या कापडाच्या मापानेच कापले, तर हात पुढे करताच पाठ आवळते आणि शेवटी मलमल मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतो त्या गोलाईशी, उसवते. म्हणून पाठीच्या मध्यावर अस्तरात सुमारे अडीच सेंटिमीटर जास्त कापड ठेवून त्याची प्लीट घालावी आणि ती गळ्याशी व खाली थोडीच शिवून मधे मोकळी सोडावी. काखेत वरच्या मुंढ्याचे मार्जिन उभे राहते आणि अस्तराला त्याला वळसा घालून जावे लागते, तेव्हा अस्तराचा मुंढा आणि बाही काखेपाशी एक ते दीड सेंटिमीटर वर चढवून कापावी. कित्येक सोप्या पॅटर्नमध्ये अस्तराचे वेगळे तुकडेच दिलेले नसतात, वरच्याच तुकड्यांनी अस्तर कापा असे लिहिलेले असते. ती सोय फसवी आहे. खालची कड आणि बाहीची कड येथेही अस्तर एक सेंटिमीटर सैल ठेवून त्याची घडी पडू द्यावी.

जोडणीत आधी कॉलर आणि आतल्या पुढच्या पट्ट्या कॅनव्हास (ताठपणासाठी इस्त्रीने चिकटवायचे कापड) चिकटवून तयार कराव्यात. इस्त्री न सरकवता उचलून दाबावी आणि तुकडा थंड होईपर्यंत हलवू नये. पावसाळ्यात तर कापड आधी कोरड्या इस्त्रीने वाळवून घ्यावे, नाहीतर फुगे येतात. मग जॅकेट आणि अस्तर वेगवेगळे पूर्ण शिवून, सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवून कडा जोडाव्यात आणि सगळे जॅकेट अस्तराच्या बाहीत सोडलेल्या वीतभर फटीतून उलटवून बाहेर काढावे. बाहीच्या कडा जोडण्यापूर्वी जॅकेट सुलटे धरून दोन्ही बाह्यांच्या शिवणी एकमेकींसमोर आणून टाचण्या लावाव्यात, म्हणजे अस्तराला पीळ पडत नाही. मलमलीला 70 क्रमांकाची सुई, खादीच्या थरांना 90 क्रमांकाची. गळ्याच्या गोलाईत मार्जिनला कट दिल्याखेरीज उलटवू नये.

धातूची टिचबटणे आमच्याकडे खाऱ्या हवेत गंजतात आणि डाग खादीवर उतरतो, म्हणून मी करवंटीची बटणे लावली. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक त्याची जाडी. आणि पहिले काज नेहमी खादी, कॅनव्हास आणि आतली पट्टी असे तिन्ही थर असलेल्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहावे, कारण एकेरी कापडावर नीट जमलेले काज तिहेरी थरावर घट्ट होते.