माठाचं पाणी आणि मनगटावरचा पट्टा

मे महिना, वडोदऱ्यातला दांडिया बाजार, पत्र्याखालची माडी. शेजारच्या काकूंच्या मनगटावर आमचा पट्टा बांधून मी सकाळी सातपासून बसले होते. त्यात बॅटरी नाही. आतली बाजू त्वचेला, बाहेरची हवेला. मधल्या बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाच्या १२७ जोड्या तापमानातल्या फरकातून वीज काढतात. सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८२१ साली नोंदवलेला परिणाम तो हाच. दोन बाजूंत एका अंशाचा फरक पडला की साधारण ५० मिलिव्होल्ट मिळतात आणि हा इवलासा दाब वाढवून देणाऱ्या आमच्या बूस्टर चिपला जागं व्हायला २० पुरतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उन्हाचा त्रास होऊ लागला तर मुलांना कळावं, चार्जिंगची कटकट नसावी, एवढ्यासाठी दोन वर्षं घातली होती.

सकाळी पट्ट्याचे निरोप फोनवर नीट येत होते. साडेदहानंतर विरळ झाले, बाराला बंद. मीटर लावला तर जेमतेम ३ मिलिव्होल्ट. खोली ३५ अंशांवर, त्वचाही तेवढीच; फरकच उरला नव्हता. दोन वाजता खोली ३९ वर गेली आणि मीटरवर उणे १८ आलं. आता उष्णता हवेतून हाताकडे चालली होती, वीज उलटी झाली होती, आणि आमची चिप उलटी वीज घेत नाही. महिनाभर आम्ही २४ अंशांच्या एसीत चाचण्या घेतल्या होत्या! ज्या दुपारी पट्टा बोलायला हवा, नेमका तेव्हाच तो मुका. मला रडू यायचं बाकी होतं.

"अगं, हे वरून तापलंय," म्हणत काकूंनी रुमाल माठाच्या पाण्यात भिजवला आणि पट्ट्यावर गुंडाळला. दोन मिनिटांत फोन वाजला. मीटरवर अधिक ११०, सकाळच्या कितीतरी पट! पाणी उडताना बाहेरची बाजू त्वचेपेक्षा थंड झाली होती. माठ गार होतो तसंच. कोरड्या उन्हाळ्यात हे जमतं. श्रावणातल्या दमट हवेत इतकं जमणार नाही.

मी तिथेच वहीत दोन गोष्टी लिहिल्या: दोन्ही दिशांची वीज घेणारी चिप, आणि वरून सुती आवरण.

पावणेचारला रुमाल वाळला, निरोप पुन्हा थांबले. मी उठेपर्यंत काकूंनी तांब्या भरून आणला होता.