पाच मिलिमीटर

"परत एकदा उठा बघू सगळे," व्हीलचेअरवरच्या बाई म्हणाल्या. आम्ही सहा जण परत उठलो.

"नाही दिसत."

शेडमध्ये लाकडी फळ्या आणि परांचीचे पाइप जोडून प्रेक्षकांच्या पायऱ्यांचा एक तुकडा आम्ही खऱ्या मापात उभा केला होता. सगळ्यात मागे व्हीलचेअरसाठीचा ओटा आणि त्याच्यापुढे खुर्च्यांची रांग. समोरच्या भिंतीवर लाल टेपची आडवी पट्टी मारली होती. ओट्यावरून ती पट्टी दिसली म्हणजे प्रत्यक्षात मैदानाची जवळची कड दिसणार, असा माझा हिशेब होता. पुढची रांग बसलेली असताना पट्टी स्वच्छ दिसत होती. रांग उठली की गायब.

ही गोष्ट लिव्हरपूलची. एव्हर्टन या फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम ब्रॅमली-मूर डॉकच्या जागेवर उभं राहत होतं आणि पायऱ्यांच्या हिशेबाचा एक छोटा भाग माझ्याकडे होता. मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा फुटबॉल सामना असला की बाबा मला खांद्यावर घेऊन न्यायचे. खांद्यावरून सगळं दिसायचं. थोडी मोठी झाल्यावर खाली उभी राहायला लागले आणि माणसांच्या पाठीच दिसायला लागल्या. गोल झाला हे आवाजावरून कळायचं. पुढे हेच काम हातात आलं आणि मला ते मनापासून आवडतं.

डॉक 1848 सालचा, जेसी हार्टली या इंजिनिअरनं बांधलेला. आयरिश समुद्राच्या तळातली वाळू जहाजानं उपसून आणायची आणि पाण्यासकट नळानं डॉकमध्ये सोडायची, असं भरावाचं काम तेव्हा चालू होतं. जुन्या दगडी भिंती पाडल्या नाहीत, त्या वाळूखाली तशाच जपल्यात. नदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे युनेस्कोनं जुलै 2021 मध्ये लिव्हरपूलला जागतिक वारशाच्या यादीतून काढलं. त्या कारणांत हे स्टेडियमही होतं, आणि ते मला आजही लागतं. पण गुडिसन पार्कही मी पाहिलंय. क्लबचं हे जुनं मैदान 1892 सालचं. तिथं छताचे लोखंडी खांब प्रेक्षकांच्या मधोमध उभे. एकदा माझी जागा अशाच एका खांबामागं आली आणि नव्वद मिनिटं मी मान वाकडी करून बसले होते. शेजारचे गृहस्थ इतक्या सवयीनं डावीकडे झुकायचे की त्यांना ते जाणवतही नसावं.

आमच्या धंद्यात याला सी-व्हॅल्यू म्हणतात. मैदानाच्या कडेकडे जाणारी तुमची नजर पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती मिलिमीटर वरून जाते, तो आकडा. 120 असेल तर उत्तम, 90 चालतो, 60 म्हणजे अगदी किमान. प्रत्येक रांगेसाठी तो वेगळा काढावा लागतो, कारण मैदानापासूनचं अंतर आणि उंची दोन्ही बदलत जातात. पण हे गणित बसलेल्या माणसांचं. फुटबॉलला माणसं बसून राहत नाहीत. पुढचा उठला की मागचा उठतो. ज्याला उठताच येत नाही त्याला उठलेल्या माणसाच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे, म्हणून ओटा पुढच्या रांगेपेक्षा बराच उंच ठेवतात.

तो मी ठेवला होता. चूक दुसरीकडेच होती, आणि ती माझी होती.

व्हीलचेअरवरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून 960 मिलिमीटरवर असू शकतात, 1250 वरही असू शकतात. मी वरच्या बाजूचा एकच आकडा धरून सगळा छेद, म्हणजे पायऱ्यांचा बाजूनं दिसणारा आराखडा, काढला होता. त्या बाईंची पाठ वाकलेली होती. सत्तरी ओलांडलेल्या, मांडीवर निळा मफलर. त्यांचे डोळे माझ्या आकड्याच्या खाली होते. किती खाली, ते त्यांनीच दाखवलं. हाताची चार बोटं आडवी धरून कपाळाशी नेली आणि म्हणाल्या, "लव्ह, मला एवढं वर उचल, मग दिसेल." लिव्हरपूलमध्ये अनोळखी माणूसही तुम्हाला 'लव्ह' म्हणतो. आपल्याकडे एखादी आजी 'बाळा' म्हणते, तसंच. मी टेप लावली. 75 मिलिमीटर.

ओटा 75 नं वर घ्यायचा, एवढं सोपं वाटेल. पण ओटा मागच्या मार्गिकेच्या पातळीत होता. चाकांची खुर्ची थेट आत यायची, मध्ये पायरी नाही. ओटा उचलला की उतार आला. 1 ला 20 चा उतार धरला तर 75 मिलिमीटर चढायला दीड मीटर लागतं, आणि ते मार्गिकेतूनच जाणार. गर्दीचा हिशेब बघणारा माझा सहकारी तिथंच उभा होता. तो लगेच म्हणाला, "तिथलं मी काही देणार नाही."

त्याचंही बरोबर होतं. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं, पायऱ्यांवरून 66, आणि जास्तीत जास्त आठ मिनिटांत सगळे बाहेर, हे मैदानांच्या सुरक्षिततेच्या ब्रिटिश मार्गदर्शकाचे, 'ग्रीन गाइड'चे आकडे. 1971 साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर जिन्यात चेंगरून 66 माणसं गेली, त्यानंतर 1973 मध्ये हे मार्गदर्शक निघालं. आणि आम्ही बसलो होतो लिव्हरपूलमध्ये. 1989 साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगरून गेलेल्या लिव्हरपूलच्या 97 प्रेक्षकांची नावं या गावाला पाठ आहेत. या गावात वाट अरुंद करा असं कुणी म्हणत नाही, मीही म्हटलं नाही.

बाईंना चहा दिला. दोन्ही हातांत मग धरून त्या लाकडी ओट्यावरच बसून राहिल्या. वडिलांबरोबर लहानपणी कुठं उभ्या राहायच्या, ते सांगत होत्या. मी निम्मं ऐकत होते, निम्मी छेदात होते. ओटा हलवायचा नाही. मग उरलं काय? पुढची माणसं.

पुढे पंधरा रांगा होत्या. पंचाहत्तर भागिले पंधरा. प्रत्येक पायरी पाच मिलिमीटरनं कमी केली, तर पंधराव्या रांगेला पोहोचेपर्यंत 75 जमतात. ओटा जागेवर, मार्गिका जागेवर, फक्त पुढची रांग चार बोटं खाली. लॅपटॉप तिथंच फळीवर ठेवून एकेक रांग परत काढली. प्रत्येकाच्या सी-व्हॅल्यूतून जेमतेम पाच मिलिमीटर जात होते. एकही रांग नव्वदच्या खाली आली नाही. काँक्रीटचे साचे अजून पडले नव्हते, हे आमचं नशीब.

दोघा सुतारांनी संध्याकाळपर्यंत पुढची फळी सोडवून खाली बसवली. बाहेर अंधार पडला होता, मर्सी नदीवरचा वारा शेडच्या पत्र्याला धडका देत होता. बाईंना घरी सोडायला आलेली गाडी ताटकळत होती, पण त्या जायला तयार नव्हत्या.

"उठा," त्या म्हणाल्या. आम्ही उठलो. सहकाऱ्यानं हात वर करून उड्याही मारल्या.

बराच वेळ मागून काही आवाज आला नाही. मी वळून पाहिलं. त्यांनी हात वर करून मला गप्प बसायची खूण केली. त्या अजून पट्टीकडे बघत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

17 फेब्रुवारी 2025 ला स्टेडियमची पहिली चाचणी झाली. अठरा वर्षांखालच्या मुलांचा सामना, समोर विगनचा संघ, प्रेक्षक दहा हजार. सगळे जिने आणि दारं कशी चालतात ते बघायला आम्हीही हजर होतो. सामना चालू असताना मी त्या ओट्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्या बाई तिथं नव्हत्या. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ व्हीलचेअरवर होते, शेजारी त्यांची नात असावी. एव्हर्टनचा हल्ला गोलपर्यंत गेला आणि पुढची अख्खी रांग ताडकन उठली. नात खुर्चीतून उठून टाचा उंचावून बघायला लागली. आजोबांनी मान जराही हलवली नाही. चेंडू बारच्या वरून गेला, तो तिच्याआधी त्यांनी पाहिला.