मिलुओच्या काठावर वेखंडाचा वास

ऑफिसच्या कामाने चीनमध्ये चांगशाला आले होते आणि मध्येच सुट्टी मिळाली, तीही नेमकी ड्रॅगन बोट सणाची, म्हणजे त्यांच्या पाचव्या चांद्र महिन्यातली पंचमी. मग हॉटेलवर कशाला बसायचं, सकाळची हायस्पीड ट्रेन पकडली आणि अर्ध्या तासाच्या आत मिलुओला. छ्यू युआन या प्राचीन चिनी कवीने ज्या नदीत जीव दिला ती नदी बघायची होती.

त्याचं मंदिर नदीजवळच्या टेकडीवर आहे, आत्ताची इमारत १७५४ सालची. वाटेत एका बाई हिरव्या पानांच्या जुड्या विकत होत्या, एक पान चुरगळून बघितलं आणि थबकलेच. वेखंड! आपल्याकडे बाळाला उगाळून लावतात तेच. इथे या सणाला त्याची लांब पानं आणि दवण्याच्या जातीतली एक वनस्पती दाराला बांधतात, रोगराई येऊ नये म्हणून. इतक्या लांब येऊन आजीच्या बटव्याचा वास, डोळ्यात पाणीच आलं.

छ्यू युआन इ.स.पू. ३४० च्या आसपासचा, चू राज्याचा मंत्री. छिन राज्यावर विश्वास ठेवू नका, छी राज्याशी मैत्री ठेवा असं तो ह्वाय राजाला सांगत राहिला पण दरबारातल्यांनी कान भरले आणि राजाने त्यालाच दूर केलं. पुढे इ.स.पू. २९९ मध्ये राजा छिनच्या बोलावण्यावरून बोलणी करायला गेला तो तिथेच अडकला आणि कैदेतच वारला. नंतरच्या राजाने छ्यू युआनला दक्षिणेत हद्दपार केलं. इ.स.पू. २७८ मध्ये छिनच्या सैन्याने राजधानी यिंग घेतली आणि याने दगड कवटाळून इथे उडी घेतली, असं सांगतात.

मला सारखं वाटत होतं, तो निघून का नाही गेला? त्या काळात हुशार माणसं सर्रास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरीला जायची, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सिमा छ्येन हा मोठा इतिहासकार सुद्धा इथे येऊन रडला होता आणि त्यालाही हाच प्रश्न पडला होता, की इतक्या गुणी माणसाला कुठल्याही राज्याने ठेवून घेतलं असतं.

उत्तर 'ली साओ' या त्याच्या दीर्घ कवितेच्या शेवटाकडे आहे असं मला वाटतं. ड्रॅगन जुंपलेल्या रथातून तो आकाशात दूर दूर चाललाय, सगळं मागे टाकून, आणि अचानक खाली आपलं जुनं गाव दिसतं. सारथ्याला भरून येतं, घोडे मान वळवून मागे बघतात आणि पाय उचलतच नाहीत. मी हे भाषांतरात नदीकाठी बसून परत वाचलं, आणि मीही वीस वर्षं घराबाहेर आहे, त्यामुळे त्या घोड्यांपाशी बराच वेळ थांबले.

खाली लोक झोंगझी खात होते, पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात, आपल्या पातोळ्या हळदीच्या पानात असतात तसा. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून कोळ्यांनी नदीत भात टाकला आणि होड्या घेऊन शोधायला धावले, तिथूनच हा सण असं इथे प्रत्येकजण सांगतो. एक आजोबा नातवाच्या हातात झोंगझी देऊन ती पाण्यात सोडायला शिकवत होते.

येताना वेखंडाची एक जुडी घेतली आणि हॉटेलच्या खोलीच्या दाराला बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन बघते तर खोली साफ करणाऱ्या ताईंनी ती काढली नव्हती, उलट सुटलेली गाठ लाल दोऱ्याने नीट आवळून ठेवली होती.