कर्जत लोकल आणि गिटारवाले

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला रॉक कॉन्सर्टला जायचं तर आधी लोकलचं वेळापत्रक काढावं लागतं. मैदान कुठे, उतरायचं कुठल्या स्टेशनवर, संपणार किती वाजता आणि त्यानंतर बदलापूर किंवा कर्जत मिळेल का, एवढं जमलं की मग बँडचा विचार. नव्वदीच्या सुरुवातीला कॉलेजात असताना हे सुरू झालं आणि केस पांढरे झाले तरी चालूच आहे.

सगळ्यात सोयीचं होतं रंगभवन. व्हीटीला उतरायचं, मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत सुटायचं, की झेवियर्सच्या बाजूला ते उघडं नाट्यगृह. 1986 मध्ये सुरू झालेलं ‘इंडिपेन्डन्स रॉक’, म्हणजे आमचं आय-रॉक, तिथे भरायचं. एकामागून एक बँड यायचे. साउंड बेताचाच असायचा, मधेच माइक कुईं करून ओरडायचा. प्रेक्षक मात्र कडक. परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली तर डोक्यावर घेणार, स्वतःचं गाणं काढलं की लगेच हुर्यो. तरीही स्वतःची गाणी रेटून वाजवणाऱ्यांत रॉक मशीन होते. 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. त्यांच्या गिटारवर महेश तिनईकर. हे आडनाव ऐकल्यावर आमच्या घरात या संगीताला पहिल्यांदा थोडी मान्यता मिळाली. ‘आपल्यातला मुलगा दिसतोय,’ आई म्हणाली आणि माझ्या उशिरा येण्यावरची चर्चा त्या दिवसापुरती मिटली.

रंगभवनात पुढे सरकलं की गिटारवाल्याची बोटं दिसायची. मी स्वतः कधी गिटार शिकलो नाही, पण बोटं बघायची सवय तिथे लागली ती लागलीच. गाणारा कितीही नाचो, माझी नजर डावीकडे किंवा उजवीकडे.

1995 मध्ये डीप पर्पल आले, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. कॅसेट घासून घासून ज्यांना ऐकलं ते खरोखर अंधेरीला येणार, यावर विश्वास बसत नव्हता. त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर 1993 मध्येच बँड सोडून गेला होता आणि त्याच्या जागी नुकताच स्टीव्ह मोर्स आला होता. ‘ब्लॅकमोर नाही तर कसलं डीप पर्पल’ म्हणून आमच्यातला एक जण आलाच नाही. मी दादरला गाडी बदलून गेलो. तोवर मोठी साउंड सिस्टीम मी ऐकलीच नव्हती. ढोलताशाच्या पथकाला खेटून उभं राहिल्यावर छातीत जे वाजतं, ते इथे शे-दीडशे पावलं मागेही वाजत होतं. आणि मोर्स? ब्लॅकमोरची नक्कल न करता तो आपल्या पद्धतीने वाजवत होता. दुसऱ्याच्या गाजलेल्या जागी उभं राहून हे करायला छाती लागते. न आलेल्या मित्राला मी हे बरीच वर्षं ऐकवलं.

पुढे 2000 चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवती शंभर मीटरचा शांतता पट्टा ठरला. रंगभवन त्यात अडकलं आणि तिथले रॉकचे कार्यक्रम बंद पडले. हळहळ वाटली, अजून वाटते. पण त्याच नियमांनी उघड्यावरच्या स्पीकरला रात्री दहाची मर्यादा घातली, आणि या मर्यादेला शिव्या घालणाऱ्यांत मी कधीच सामील झालो नाही. दहाला संपणारा कार्यक्रम म्हणजे मिळणारी गाडी. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांना हे कळायचं नाही.

मग बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, एमएमआरडीए मैदानाची वर्षं आली. फेब्रुवारी 2007 मध्ये तिथे पूर्वी पिंक फ्लॉइड बँडमध्ये असलेले रॉजर वॉटर्स येऊन गेले. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अख्खा अल्बम त्यांनी ओळीने वाजवला. शेजारचे एक काका डोळे मिटून उभे होते, त्यांना मी धक्का लागू दिला नाही. पण मला सगळ्यात लख्ख आठवते ती 1 फेब्रुवारी 2008 ची संध्याकाळ. आयर्न मेडन. शुक्रवार होता, ऑफिसात अर्धी रजा टाकली. बँड स्वतःच्या बोइंग 757 मधून आला होता आणि विमान चालवत होता त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन. त्याहून मोठी गंमत म्हणजे जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम. एरवी हौशी लोक आधीच्या शहरातली गाण्यांची यादी पाठ करून येतात. इथे यादीच नव्हती. पुढचं गाणं कोणतं, हे त्या रात्री मुंबईच्या प्रेक्षकांनी जगात सगळ्यांआधी ऐकलं.

कुर्ला स्टेशनवर काळ्या टी-शर्टांचा लोंढा उतरत होता. एका भाजीवाल्या मावशींनी विचारलं, ‘कुणाचा मोर्चा आहे रे?’ गेटवर पाण्याच्या बाटल्या, लायटर, सुटी नाणी, सगळं काढून घेतलं. आत धूळ. अंधार झाला आणि स्पीकरमधून चर्चिलचं युद्धकाळातलं भाषण घुमायला लागलं, तेव्हा मागून एकदम रेटा आला आणि माझे दोन्ही पाय काही क्षण जमिनीवर नव्हते. मेडनकडे गिटारवाले तीन. कुणाकडे बघावं हेच कळेना. परतीला एकही रिक्षा थांबली नाही. कुर्ल्यापर्यंत चालत गेलो, वाटेत अनोळखी पोरं त्याच गाण्यांच्या सुरावटी ओरडत होती, शब्द नव्हे, गिटारचे तुकडे.

त्यानंतर दोन दिवस कानात सुंई वाजत राहिली. डॉक्टरांनी हिशेब समजावला: 85 डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. तेव्हापासून खिशात फोमचे बोळे असतात. आणखी एक गोष्ट पक्की ठरवली, उभं राहायचं ते साउंड कन्सोलच्या आसपास. आवाज मिक्स करणारा माणूस तिथेच बसलेला असतो, म्हणजे त्याला जे ऐकू येतं तेच आपल्याला. शिवाय कन्सोलच्या कठड्याला टेकता येतं, चाळिशीनंतर याची किंमत कळते.

मेटॅलिकासाठी 2011 च्या ऑक्टोबरात उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरूला गेलो. दोनच दिवस आधी गुडगावचा त्यांचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द होऊन लोकांनी स्टेजची मोडतोड केली होती, त्यामुळे पॅलेस ग्राउंड्सच्या गेटमधून आत जाईपर्यंत जिवाला घोर होता. 2019 च्या डिसेंबरात यूटू नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. ठाण्याला बदलून थेट नेरूळ, रविवार असूनही मेगाब्लॉक आड आला नाही. कार्यक्रम देखणा. पण मी बहुतेक वेळ पडद्यावरचा त्यांचा गिटारवाला एज बघितला, खरा एज माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. इतक्या लांबून बोटं काय दिसणार.

गन्स अँड रोझेस दोनदा पाहिले. 2012 च्या डिसेंबरात बीकेसीत आले तेव्हा त्यांचा गाजलेला गिटारवाला स्लॅश नव्हता. गायक ॲक्सल रोझच्या बाकीच्या मंडळींनी चोख वाजवलं, तरी गर्दीतून ‘स्लॅश, स्लॅश’ असा ओरडा उठतच होता. मे 2025 मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर स्लॅश आला. उकाडा असा की टोपीवाल्या स्लॅशचीच मला काळजी वाटली. या वेळी मुलगी बरोबर होती. ती पुढे रेलिंगला, मी कन्सोलला, आणि चुकामूक झाली तर भेटायचा खांब आधीच ठरलेला, कारण अशा गर्दीत फोन लागत नाहीत. स्लॅशचा सोलो सुरू झाला, हजारो मोबाइल वर गेले, आणि मी सवयीने दुसऱ्या बाजूला पाहिलं. दुसरा गिटारवाला रिचर्ड फोर्टस, 2012 लाही होता तोच, खाली मान घालून ऱ्हिदम सांभाळत होता. त्याचं नाव कुणीच घेत नव्हतं. मी कानातले बोळे काढले आणि ‘फोर्टस!’ म्हणून जोरात ओरडलो. बाजूच्या पोराने विचारलं, ‘अंकल, कोण?’