शेरा: नळी गेलेली

क्लबच्या बंदुकांची देखभाल माझ्याकडे आहे, त्यामुळे कुणाला जुनी रायफल घ्यायची झाली की आधी मला विचारतात. या वेळी एका संस्थेने नेमबाजीचं प्रशिक्षण बंद करून कोठीतल्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची नळीच्या) टार्गेट रायफली विकायला काढल्या होत्या. यादीत बीएसए या ब्रिटिश कंपनीची एक मार्टिनी इंटरनॅशनल मार्क ३ होती. तिच्यापुढे शेरा होता, 'नळी गेलेली', आणि किंमत जवळपास भंगाराची.

आमच्या कोच मॅडमना ती एका डावखुऱ्या मुलीसाठी हवी होती. मार्टिनीला बाजूचा बोल्टच नसतो. खालची लिव्हर ओढली की आतला ठोकळा पुढून खाली झुकतो, वरून एक काडतूस सरकवायचं, लिव्हर परत वर. बटाचा गालाकडचा फुगवटा तासून घेतला की डावा-उजवा हा प्रश्न संपतो. ब्रिटिश फौजेने १८७१मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीची ही रचना. बीएसएने तिचंच लहान रूप करून पुढे क्लबच्या नेमबाजांच्या कित्येक पिढ्यांना पुरवलं.

"नळी गेलीय म्हणतात, मग जायचं तरी का?" मॅडमनी विचारलं.

"म्हणतंय कोण?"

"यादी."

यादी करणाऱ्याने नळीत डोकावून पाहिलं असेलच असं नाही. टार्गेटवर छिद्रं पसरली की पहिला आळ नळीवरच येतो. विकत घेण्याआधी तिथल्याच रेंजवर फायर करून बघायची मुभा होती. म्हणून गेलो.

कोठीवाल्या गृहस्थांनी रायफल टेबलावर ठेवली तेव्हा ती अंगभर पिवळ्या, घट्ट झालेल्या ग्रीसने माखलेली होती. ठेवणीतल्या बंदुकीला असं ग्रीस फासतात ते गंजू नये म्हणून, आणि ते काम त्याने चोख केलं होतं. लोखंडावर तांबेऱ्याचा ठिपका नव्हता. नळीतून आधी पुलथ्रूने, म्हणजे सफाईच्या दोरीने, कोरड्या चिंद्या ओढल्या. पहिल्या काळ्या-पिवळ्या निघाल्या, मग पांढऱ्या. चिंदी कुठे अचानक सैल पडते का याकडे हाताचं लक्ष ठेवलं. नाही, सगळीकडे सारखीच घट्ट. मार्टिनीत मागून सरळ सफाईचा रॉड घालता येत नाही, म्हणून आळशी माणसं तोंडाकडून रॉड खुपसतात आणि वर्षानुवर्षांत नळीचं तोंड एका बाजूने झिजवतात. गोळी बाहेर पडताना ज्या कडेला शेवटची शिवते ती कड बिघडली, तर आतली नळी कितीही चांगली असून उपयोग नाही. कापसाची काडी त्या कडेवरून आतून बाहेर फिरवली. एक धागाही अडकला नाही.

मग मागची बाजू. ही रायफल रिमफायर, म्हणजे बार पेटवणारं मिश्रण काडतुसाच्या कडेत असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या जागेवर) ट्रिगर दाबत राहिलं की पिन थेट चेंबरच्या ओठावर बसून तिथे खाच पाडते. इथे खाच नव्हती. मार्क ३ची नळी फोरएंडला, म्हणजे खालच्या लाकडाला, टेकत नाही, मोकळी असते. कागदाची पट्टी मधल्या फटीतून शेवटपर्यंत सरकली. थोडक्यात, नळी गेलेली नव्हती.

पण टार्गेटने यादीची बाजू घेतली.

वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून ५० मीटरवर मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या, गोळ्या मारल्या. ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, उभा आला. आडवा जेमतेम १० मिलिमीटर, उभा २५च्या वर. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं असतं, तेव्हा असा ग्रुप म्हणजे स्पर्धेतून बादच. कोठीवाले म्हणाले, "बघा, लिहिलंय ते उगाच नाही."

मला मात्र त्या उभ्या रांगेनेच बरं वाटलं. नळी खराब असती तर गोळ्या चहूकडे गेल्या असत्या. नुसत्या वर-खाली जातात तेव्हा मी आधी वेग तपासतो. ही गोळी सेकंदाला साधारण ३२० मीटरने निघते आणि ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटरची घट झाली की आणखी ८ मिलिमीटरच्या आसपास खाली. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ बरोबर नेला होताच. त्याच लॉटच्या गोळ्या आमच्या क्लबच्या रायफलीतून मारल्या तर सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान यांत ९ मीटरचा फरक. मार्टिनीत तोच २७. म्हणजे दोष काडतुसांचा नव्हता, ती पेटवली जात होती त्यात होता.

दोन्हीकडच्या पुंगळ्या उचलून टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि भिंग लावलं. आमच्या रायफलीची पिन कडेवर खोल, स्वच्छ, एकसारखी उमटली होती. मार्टिनीच्या पुंगळ्यांवर काही ठसे बरे, काही इतके उथळ की ती पेटली याचंच नवल वाटावं. मॅडमनी भिंग हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

"उघडू का?" मी कोठीवाल्यांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले.

मार्टिनीची हीच गोष्ट मला फार आवडते. मागची एक पिन ठोकून काढली की लिव्हर, ठोकळा, ट्रिगर सगळं एकत्र खालून हातात येतं. फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग त्या ठोकळ्याच्या पोटात असते. ती ओढून काढायला जोर लावावा लागला, कारण आत तेच पिवळं ग्रीस, वाळून मेणासारखं घट्ट, स्प्रिंगच्या प्रत्येक वेढ्यात बसलेलं. ज्याने रायफल जपून ठेवली त्याने ठोकळा उघडून आतही भरपूर फासलं होतं. पिन दर वेळी या चिखलातून वाट काढत जात होती, कधी जोरात, कधी दमून. सगळं रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने धुतलं, पुसून अगदी पातळ तेलाचा हात दिला आणि जोडून टाकलं.

नंतरचा ग्रुप १३ मिलिमीटर, आणि आकाराने गोल. वेगातला फरक ११ मीटरवर आला. अजून थोडा खाली यावा असं वाटतं, कारण स्प्रिंग इतक्या वर्षांत नक्कीच थकली असणार.

आता किंमत वाढवतील या धास्तीने मॅडम गप्प होत्या. कोठीवाल्यांनी टार्गेट पाहिलं, यादी पाहिली आणि म्हणाले, "मला यादीतलंच बिलावर लिहावं लागतं." तसं लिहिलं, परवान्याचे कागद पुढच्या कार्यालयाकडे पाठवायला घेतले.

त्यांच्याकडे तोच शेरा असलेली आणखी एक मार्टिनी होती. अर्थात तीही बघितली. तिचं तोंड मात्र डोळ्यांनाही तिरकं दिसत होतं, कापूस ठिकठिकाणी अडकला, चिंदी अर्ध्यावर सैल पडली. ती खरोखरच गेलेली. तिच्या ठोकळ्यातली स्प्रिंग तरी द्या म्हटलं, तर सुटे भाग विकायची परवानगी त्यांना नव्हती, आणि एका स्प्रिंगसाठी दुसऱ्या रायफलीचा परवाना कोण काढणार? स्प्रिंग मी दुसरीकडून मागवली आहे.